हात काढ

कोबी चिरून झाल्यावर तिने सुरी धुऊन जागेवर ठेवली आणि कढई तापत ठेवली. याकीसोबा, म्हणजे जपानी पद्धतीच्या परतलेल्या नूडल्स, ती आज चौथ्यांदा करत होती. आधीच्या तिन्ही रविवारी नवऱ्याने अर्धी ताटली संपवली, "छान आहे" म्हटलं आणि पाणी पिऊन तो उठला. त्या 'छान'चं काय करायचं, ते तिला अजून कळलं नव्हतं.

पदार्थ त्याच्या पहिल्या बायकोचा. ती एका जपानी कंपनीच्या कॅन्टीनमध्ये कामाला होती, तिथे शिकली आणि जाईपर्यंत दर रविवारी दुपारी करत राहिली. तिला जाऊन तीन वर्षं झाली होती, नवी येऊन पाच महिने. एव्हाना कपाटं नवीची झाली होती, पडदे तिचे झाले होते. ही एक ताटली तेवढी होत नव्हती. तीही हट्टाला पेटली होती.

भाज्या मोठ्या आचेवर परतून तिने बाजूला काढल्या. कढईत तेल सोडून उकडलेल्या नूडल्स पसरल्या, उलथणं ओट्यावर ठेवलं आणि हात मागे बांधले. खरी मेख इथेच होती. दोन मिनिटं हात लावायचा नाही. खालची बाजू खरपूस झाली की मगच उलटायच्या. चष्म्याच्या दुकानात भिंगं घासून फ्रेममध्ये बसवणं हे तिचं रोजचं काम, त्यामुळे घाई तिच्या हातांना ठाऊक नव्हती.

"हात काढ!" आतल्या खोलीतून सासूबाई ओरडल्या.

खुब्याचं हाड मोडल्यापासून त्या पलंगावरच होत्या, पण कान असे तिखट की शेजाऱ्यांकडे चमचा पडला तरी यांना कळायचं.

"हात लावलाच नाहीये, आई."

"किती वेळा सांगायचं? मोडतात त्या. थांब की जरा!"

पहिलीला ही खोड होती, हे नवऱ्याने तिला सांगितलं होतं. नूडल्स पडल्या रे पडल्या की ती ढवळायला लागायची आणि आई आतून ओरडायची. म्हातारपणी माणसांची सरमिसळ व्हायचीच, असं म्हणून नवीने आधी सोडून दिलं होतं. आज मात्र तिला रडू फुटलं. पाच महिने उठवायचं, बसवायचं, आंघोळ घालायची आपण, आणि बोलायचं ते दुसरीशी. आच बारीक करून ती खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली.

"आई, मी आहे. त्या नाहीत. आणि हे बघा माझे दोन्ही हात."

सासूबाईंनी हात पाहिले. मग तिच्याकडे पाहिलं, अगदी मायेने.

"अगं बाई, तुला कुठे बोलतेय मी? तू शहाणी आहेस. तिला सांगतेय."

स्वयंपाकघरात लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज झाला. एकदा, मग भराभर.

नवरा असेल म्हणून तिने गॅलरीकडे पाहिलं. तो पाठमोरा बसून पेपर वाचत होता. भिंतीला धरून धरून ती परत आली. ओट्यापाशी कोणी नव्हतं. उलथणं कढईत होतं, आच मोठी झाली होती आणि नूडल्सचे बोटभर तुकडे पडले होते, काही करपलेले, काही पांढरेच.

फेकून द्यावं असं तिला वाटलं, पण हात धजेना. तिने भाज्या घातल्या, सॉस ओतला आणि ओट्याच्या एका कडेला सरकून परतत राहिली. अर्धा ओटा मोकळा होता.

जेवताना पहिल्याच घासाला नवरा थांबला. मग मान खाली घालून भराभर खात सुटला. ताटली पुसून झाल्यावर त्याने ती पुन्हा पुढे केली. त्याचे डोळे भरून आले होते.

"आज काय वेगळं केलंस?"

"जरा मोडल्या."

"मोडू देत. अशाच हव्यात."

एवढं ऐकायला ती महिनाभर झुरली होती. आता ऐकलं आणि तिने आपली ताटली बाजूला सरकवली. आतल्या खोलीत सासूबाई कुणाशी तरी हळू आवाजात बोलत होत्या, मध्येच हसत होत्या.

"पुढच्या रविवारी पुन्हा करशील?" त्याने विचारलं.

तिने स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं.

"विचारून सांगते," ती म्हणाली.