बदली माणूस

खोली कसली, अडगळच ती. जुनी गादी, दांडा तुटलेल्या छत्र्या, नवऱ्याने मोठ्या हौसेने आणून आठवडाभरात टाकून दिलेली व्यायामाची सायकल, आणि 'लागेल कधीतरी' म्हणून ठेवलेले खोके. असे खोके कधीही लागत नाहीत, पण टाकायला निघालं की घरातल्या प्रत्येकाला त्यांचा पुळका येतो. ती खोली उपसून तिथे स्वतःचं ऑफिस थाटायचं, असं सुनेने ठरवलं. अंगात फार उत्साह होता म्हणून नव्हे. उत्साह कधीच संपला होता. दुसरा इलाज नव्हता म्हणून.

सून विमा कंपनीत दावे तपासायची. कुणाची गाडी ठोकली, कुणाचं दुकान जळालं, खरंच जळालं की जाळलं, हे सगळं ती जेवणाच्या टेबलावर बसून ठरवत असे, एका हाताला लॅपटॉप आणि दुसऱ्या हाताला चिरायचे कांदे. इतकी वर्षं कुणाची हरकत नव्हती. आता एकाएकी कंपनीला जाग आली. लोकांचे कागद गोपनीय असतात, तेव्हा घरून काम करायचं तर स्वतंत्र खोली हवी, बंद होणारं दार हवं आणि आत दुसरं माणूस नको. शुक्रवारी सकाळी वरिष्ठ बाई कॅमेऱ्यातून खोली बघणार. पसंत पडली तर ठीक, नाहीतर रोज ऑफिसात हजर.

आणि सून रोज ऑफिसात गेली तर नानांकडे कोण बघणार? सगळं घोडं तिथेच तर अडलं होतं.

नाना म्हणजे तिचे सासरे. जुन्या गोष्टी त्यांना खडान्‌खडा आठवायच्या आणि सकाळचा चहा प्यायलो की नाही, हे मात्र आठवायचं नाही. गॅस पेटवून विसरायचे. दार उघडं दिसलं की चालू लागायचे. त्यांना एकटं सोडायची सोयच नव्हती. नवरा छापखान्यात मशीनवर, दिवसभर तिकडेच. नणंद दोन गल्ल्या सोडून राहायची, पण तिला म्हणे श्वास घ्यायला फुरसत नसायची. एवढ्या फुरसतीच्या तोट्यातही वेळ काढून तिने एका वृद्धाश्रमाचं रंगीत पत्रक आणलं होतं आणि फ्रिजवर चिकटवून ठेवलं होतं. "नुसतं असू दे गं, वहिनी," म्हणाली. नवऱ्याने ते वाचलं, फ्रिज उघडला, पाणी प्यायला आणि निघून गेला. पत्रक काढलं मात्र नाही. तिला ते पत्रक खरं व्हायला नको होतं. ती लग्न होऊन आली तेव्हा या घरात तिच्याशी पहिल्यांदा धड बोललेला माणूस म्हणजे नाना.

तर खोली. सुनेला हवं तरी काय होतं? एक टेबल, पाठ न मोडणारी खुर्ची आणि दाराला कडी. पण सजावट म्हटल्यावर नणंदेच्या अंगात वारंच शिरलं. रविवारी ती पडदे, उशा, कुंडी आणि होडीचं एक चित्र घेऊन हजर झाली.

"वहिनी, ऑफिसला एक व्यक्तिमत्त्व असावं लागतं," ती म्हणाली.

"मला व्यक्तिमत्त्व नकोय ताई, प्लगपॉइंट हवाय," सून म्हणाली. पण ऐकतो कोण!

नवऱ्याने दिवसभर ठोकठोक करून भिंतीला फळी लावली. फळी एका अंगाला कलती झाली. "दिसत नाही गं," तो म्हणाला. सुनेने फळीवर पेन्सिल ठेवली. ती घरंगळत जाऊन खाली पडली. नवऱ्याने ती उचलून खिशात घातली आणि विषय संपला. मग सुनेने फायली रंगवार लावल्या, वायरी टेबलाच्या पायाला बांधल्या, इंटरनेटचा डबा भिंतीला टांगला आणि जमिनीवरच बसून राहिली. उठायचं म्हटलं तरी जिवावर येत होतं.

तेवढ्यात नणंदेला एका खोक्यात कापडात गुंडाळलेलं पितळी गेज सापडलं. चांगलं ताटलीएवढं, काचेच्या आत काटा. नानांनी सारी हयात शहराच्या पाणीपुरवठ्यात पंप चालवण्यात घालवली होती. निवृत्तीच्या दिवशी सोबत्यांनी जुन्या पंपावरचं हे दाबाचं गेज त्यांना भेट दिलं होतं.

"अय्या, किती व्हिंटेज!" नणंद चीत्कारली आणि तिने ते खुर्चीच्या बरोबर मागे, कॅमेऱ्यात दिसेल असं टांगून टाकलं. कशाला टांगते आहेस, कुणाचं आहे, काही विचार? छे. छान दिसतंय ना, मग झालं.

संध्याकाळी नाना दारात आले. इंटरनेटच्या डब्यावर हिरवे दिवे लुकलुकत होते, कंप्युटरचा पंखा घुमत होता आणि भिंतीवर गेज. नानांची वाकलेली पाठ एकदम ताठ झाली. चप्पल दाराबाहेर काढून ते आत आले, गेजच्या काचेवर बोटाने दोनदा टिचकी मारली आणि काट्याकडे बघत म्हणाले, "दाब ठीक आहे." मग दाराजवळच्या स्टुलावर हात गुडघ्यांवर ठेवून बसले.

सगळे हसले. नणंदेने फोटोही काढला.

सोमवारी हसायला कुणी नव्हतं. सून एका जळालेल्या गोदामाची फाईल घेऊन बसली होती आणि नाना स्टुलावरून विचारत होते, "बाई, माझा बदली आला का?"

"कोण बदली, नाना?"

"अहो, पुढच्या पाळीचा माणूस. घरी हिला बरं नाही. मला निघायला हवं."

सुनेने फाईल मिटली. ही गोष्ट तिला नवऱ्याने एकदाच सांगितली होती, तीही तोंड फिरवून. पंपघराचा नियमच होता, बदली माणूस हजर झाल्याशिवाय पंप सोडायचा नाही. पाणी बंद पडलं तर अख्ख्या शहराच्या तोंडचं पाणी पळेल. सासूबाई गेल्या त्या दिवशी नानांचा बदली आलाच नव्हता. नाना पंपाजवळ उभे राहिले आणि घरी सगळं संपून गेलं. त्यावर नाना कधी चकार शब्द बोलले नव्हते. आता दर थोड्या वेळाने तेच विचारत होते.

"येतोय, नाना. वाटेत आहे," ती म्हणायची. मग ते समजूतदारपणे मान हलवायचे, आणि पुन्हा थोड्या वेळाने तोच प्रश्न. दिवस संपेपर्यंत तिच्या डोक्याचा नुसता भुगा झाला.

बुधवारी तिने गेज काढून कपाटात टाकलं. भिंत मोकळी बघून नाना बावरले. इकडे शोध, तिकडे शोध, आणि ती एका दावेदाराशी फोनवर बोलत असताना बाहेर पडले. सून अनवाणी रस्ताभर धावली. नाना कोपऱ्यावर पाण्याच्या व्हॉल्व्हचं लोखंडी झाकण उघडायची खटपट करत गुडघ्यांवर बसले होते. बोटं सोलवटली होती. "पंप कुठे नेला?" ते रडवेले होऊन विचारत होते. तिने त्यांना हाताला धरून घरी आणलं, बोटांना मलम लावलं आणि गेज परत टांगलं. दुसरं काय करणार?

गुरुवारी तिने नणंदेला फोन केला. "उद्या सकाळी तेवढं नानांजवळ बसाल का, ताई?"

"उद्या? अजिबात नाही गं जमणार. बरं, पडदा अर्धाच उघड हं, उजेड चेहऱ्यावर यायला हवा."

नवरा मात्र म्हणाला, "मी येतो ना मधेच निघून. काळजी नको."

शुक्रवारी पाहणीच्या जरा आधी त्याचा फोन आला. मागे मशीन धडधडत होतं. "अगं, माझ्या जागी ज्याला सांगितलं होतं तो आलाच नाही. मशीन सोडून येऊ कसा?"

सुनेला हसू फुटलं. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं, पण रडायलाही वेळ नव्हता. तिने नानांना त्यांच्या खोलीत टीव्हीसमोर बसवलं, बाहेरच्या दाराला कुलूप घातलं, केसांवरून हात फिरवला आणि ऑफिसच्या खोलीची कडी आतून लावली.

वरिष्ठ बाई पडद्यावर आल्या. त्याही दमलेल्याच दिसत होत्या. "छान लावलीत हो खोली," त्या म्हणाल्या. "ती कुंडी खरी आहे?" फायली पाहिल्या, खिडकी पाहिली, दाराची कडी दाखवायला सांगितली. सगळं सुरळीत चाललं होतं. आणि दारावर थाप पडली.

"बाई! अहो बाई, दार उघडा. माझा बदली आला का?"

सुनेने नजर पडद्यावरून हलवली नाही. थापा वाढल्या. "हिला बरं नाही हो. सोडा मला." आवाज रडवेला झाला होता. पडद्यावरच्या बाई वाट बघत होत्या. आणखी थोडा वेळ सुनेने कान बंद केले असते तर पाहणी संपली असती. पण ते तिच्याने झालं नाही. तिने उठून कडी काढली. नाना आत आले आणि स्टुलावर बसले.

"हे कोण?"

"माझे सासरे."

"नेहमी असतात इथे?"

खोटं बोलता आलं असतं. दिवसभर लोकांची खोटी बोलणीच तर वाचायची ती. "रोज असतात," सून म्हणाली.

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. "वाईट वाटतं हो मला. पण खोटं मी तरी कसं लिहू? पुढच्या महिन्यापासून तुम्ही ऑफिसला या."

पडदा काळा झाला. सुनेने टेबलावर डोकं टेकलं. आता पत्रकावरचा नंबर फिरवला जाणार आणि आपल्याच्याने विरोधही होणार नाही, इतकी आपण थकलोय, हे तिला कळत होतं आणि त्याचीच तिला लाज वाटत होती.

नाना उठले. गेजवर टिचकी मारली. मग तिच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून वाकून म्हणाले, "बाई, तुम्ही केव्हापासून बसलाय? तुमचाही बदली आला नाही वाटतं?"

"नाही आला, नाना."

"हे लोक असेच. उठा तुम्ही. मी बघतो पंप. जा घरी."

तेव्हा मात्र ती रडली. ओक्साबोक्शी रडली, आणि नाना परक्या बाईसमोर संकोचून गेजकडे बघत राहिले. मग ती उठली. घरी जा म्हणे! इथे खोलीचा उंबरा ओलांडला की घरच, आणि तिथे सिंकमध्ये भांडी. तिने मोबाईल बंद केला, नानांच्या पलंगावर अंग टाकलं आणि मेल्यासारखी झोपली.

जाग आली ती कुजबुजीने. नवरा आला होता. आपल्या सजावटीचं काय झालं ते विचारायला नणंदही आली होती. दोघं ऑफिसच्या खोलीच्या दारात उभी होती आणि खुर्चीत ताठ बसलेले नाना ओठांवर बोट ठेवून त्यांना दटावत होते, "हळू! ती बाई दमून आत्ताच घरी गेलीय."

सुनेने झालेलं सगळं सांगितलं. नवऱ्याची नजर स्वयंपाकघराकडे, फ्रिजकडे वळली. ते बघून ती सरळ आत गेली, पत्रक ओढून काढलं आणि चुरगळून कचऱ्यात टाकलं.

"मी ऑफिसला जाणार. नाना इथेच राहणार. अहो, तुम्ही पहाटेची पाळी मागून घ्या, म्हणजे दुपारपासून तुम्ही. सकाळी ताई. संध्याकाळपासून मी आहेच."

नवऱ्याने खाली बघत मान हलवली. "घेतो मागून," तो म्हणाला.

"मला कसं जमेल, वहिनी?" नणंद म्हणाली. "माझं घर, माझे व्याप..."

"मलाही जमत नव्हतं, ताई. मी करत होते."

नणंदेने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात नाना खुर्चीतून उठले. तिच्याकडे निरखून बघत म्हणाले, "तू आलीस का बदलीला? फार उशीर केलास गं, पोरी. ती बाई केव्हाची एकटी बसली होती."

नणंदेचा चेहरा पडला. तिने आपल्या पडद्याकडे पाहिलं, होडीच्या चित्राकडे पाहिलं, गेजकडे पाहिलं. मग पर्स फळीवर ठेवली, ती घसरायला लागली तशी उचलून खाली ठेवली, आणि स्टुलावर बसली.

"आले, नाना," ती म्हणाली. "जा तुम्ही घरी."

नानांनी दाराबाहेरची चप्पल पायात सरकवली आणि लगबगीने आपल्या खोलीकडे निघाले. इतकं भरभर चालताना त्यांना कुणी वर्षानुवर्षं पाहिलं नव्हतं.

पलीकडून नानांचा आवाज आला, "अगं, आलो मी. आला एकदाचा बदली."