हुंकाऱ्याचं बोट

"हुंकारा दे गं अक्षे. तू गप बसलीस की गोष्ट वाट इसरती."

आईचा हा आवाज तीस वर्षं जुना आहे. परतूरच्या रेल्वे क्वार्टरचा ओटा, पुढ्यात वाळल्या मिरच्यांचा ढीग, आणि देठं खुडता खुडता ती गोष्ट सांगायची. मध्येच गोष्टीचं गाणं व्हायचं:

गोष्ट माझी गं तान्हुली, शिके चालाया अंगनी
हुंकाऱ्याचं बोट देई, अक्षू माझी गं साजनी

मी "हं" म्हणायचे. पेंग आली तरी म्हणायचे, कारण बोट सोडलं की तान्हं पडतं हे मला पक्कं पटलेलं होतं. आबा ओट्याच्या टोकाला पाठ करून बसलेले असायचे. ते ट्रॅकमन. दिवसभर रुळावर हातोडा ठोकत चालायचे आणि आवाजावरून सांगायचे, तडा कुठं गेलाय. आईला त्यांनी कधी हुंकारा दिला नाही. "ह्यांना लोखंडाचं ऐकू येतं, माणसाचं न्हाई," आई म्हणायची. आबा नुसते हसायचे.

आई जाऊन नऊ वर्षं झाली. घरात आबा आणि मी. साखरेच्या आजारानं आबांचे आधी डोळे नेले, मग मूत्रपिंडं. डॉक्टरांनी डायलिसिस सांगितलं तेव्हा आबा म्हणाले, "न्हाई. झिजलेला रूळ काढून टाकतेत. त्याला रोज तेल लावत बसत न्हाईत." तीन दिवस ते जेवले नाहीत, बोललेही नाहीत.

मी सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे. चौथ्या दिवशी मी कपाटातली सगळ्यात लांबलचक गोष्ट घरी आणली. 'निळ्या खिंडीची गाथा'. बर्फाचा देश, हेमाक्षी नावाची राणी, तिची फौज, आणि दर शंभर वर्षांनी उघडणारी एक खिंड. भाग चौदा. पुस्तकांची चळत आबांच्या पुढ्यात ठेवली आणि त्यांचा हात धरून तिच्यावर फिरवला.

"मशीनवर चार चार तास नुसतं पडून काय करणार? मी वाचते. ही गोष्ट संपेस्तोवर तरी चला."

आबांनी बोटांनी पुठ्ठे मोजले. "चौदा?"

"चौदा."

"बरं. ही संपेस्तोवर. मंग मला अडवायचं न्हाई."

मी हो म्हणाले. खरं तर मला दुसरंच काही म्हणायचं होतं. ते घशातच राहिलं.

तेव्हापासून दर मंगळवारी आणि शनिवारी आम्ही सकाळच्या पॅसेंजरनं जालन्याला जाऊ लागलो. वॉर्डात गेलं की आधी वजनकाटा. दोन फेऱ्यांच्या मध्ये किती पाणी प्यालं ते काटा सांगायचा. दिवसाला अर्धा लिटर, तेवढंच. मग सुई, मग मशीनची घरघर, आणि मी पुस्तक उघडायचे. आबा "हं" म्हणायचे. आईला जन्मात न दिलेला हुंकारा मला पानापानाला देत होते.

शेजारच्या दोन खाटाही ऐकायला लागल्या. डावीकडं तातेराव, अंकुशनगरच्या साखर कारखान्यावर ऊस वजनाच्या काट्याला होते. उजवीकडं जगन्नाथराव, तहसील कचेरीतून निवृत्त झालेले, आयुष्यभर लोकांचे अर्ज परत पाठवलेला माणूस.

तिसऱ्या भागात एक नदी आहे. अकरा पानं नुसती नदी. पाण्याचा रंग, काठचं शेवाळ, तळाचे गोटे, ओंजळीतून कोपरापर्यंत येणारा ओघळ. मी वाचू लागले तसे जगन्नाथराव म्हणाले, "अहो, पुढे चला. राणी पलीकडे गेली की उठवा मला."

"न्हाई, न्हाई," तातेराव म्हणाले. त्यांचे ओठ चिरलेले होते. "नदीचं समदं वाच, बाई. एक घोट कमी करू नको. जीभ वली होऊन राह्यली माझी."

"तुम्ही गोष्ट ऐकताय की पाणी पिताय?"

"साहेब, तुमच्याकडं आलेला अर्जदार लवकर जात होता का? मंग राणीला कशाची घाई?"

सिस्टर हसत मशीनचं बटण दाबायला आली. त्या दिवसापासून वॉर्डात दोन तट पडले. जगन्नाथरावांचं म्हणणं, लेखकाला कुणीतरी आवरायला पाहिजे होतं. चौदाचे चार भाग झाले असते. तातेरावांचं म्हणणं, चौदा कमीच. दोघांना सगळ्यात जास्त आवडायची ती मात्र प्रत्येक भागाची शेवटची कोरी पानं. आमच्या वाचनालयाचे वाचक तिथं पेन्सिलीनं भांडून ठेवतात. मी दटावते, खोडते, तरी लिहितात. आठव्या भागाच्या मागं होतं: "सहाशे पाने सगळे फक्त चालत आहेत." खाली दुसऱ्या अक्षरात: "तुम्हांस समजले नाही. परत वाचा." त्याखाली: "परत? एकदाच वाचून केस पिकले." आणि अगदी तळाशी बारीक अक्षरात: "मला यातच राहायचे आहे."

ही पानं वाचून झाली की मी पेन्सिल काढायचे आणि तिघांची मतं लिहून घ्यायचे. "आबा, तुमचं काय लिहू?"

"संपू दे. मंग सांगतो."

प्रत्येक भागाला हेच.

वैशाखात चौदावा भाग संपत आला. शेवटच्या तीन पानांपाशी मी थांबले. बर्फात राणी खिंडीच्या तोंडाशी उभी आहे. पुढं काय होतं ते मला माहीत होतं. ती आत जाते, मागं खिंड मिटते, गोष्ट संपते. आबांचा हात चादरीवर होता, सुया टोचून टोचून गाठाळलेला. मी मागचंच एक पान उलटलं आणि म्हणाले, "तेवढ्यात राणीच्या घोड्याचा नाल निखळला. राणीनं घोडा मागं वळवला."

"हं," आबा म्हणाले.

त्या दिवसापासून मी रचत गेले. पुस्तक मांडीवर उघडं आणि डोळे भिंतीवर. घोड्याच्या नालासाठी राणी सात गावं फिरली. लोहार आजारी, लोहाराची बायको रुसलेली, तिचा रुसवा काढायला आणखी दोन गावं. चार मिनिटं झाली की पान उलटायचं, हे विसरत नव्हते. घरी चूल, वाचनालयात कपाटं, आणि डोक्यात सारखं एकच: शनिवारी राणी कुठं जाईल? आईच्या जुन्या ओव्या उसवून मी तिला वाट करून देत होते. कधी कधी गाडीत काहीच सुचायचं नाही आणि जालना जवळ यायचं.

आषाढ गेला, श्रावण गेला. दिवाळीनंतर रुळाच्या दोन्ही बाजूंनी कापूस फुटला. त्या शनिवारी मी वाचलं की राणीनं पदराची झोळी कमरेला बांधली आणि कापूस वेचायला बायांच्या ओळीत उभी राहिली.

"थांबा," जगन्नाथराव म्हणाले. "बर्फाच्या देशात कापूस?"

"राणीची हौस असंल," तातेराव म्हणाले.

जगन्नाथरावांनी माझ्याकडं पाहिलं. मशीन सुटल्यावर त्यांनी मला वजनकाट्यापाशी गाठलं. "अक्षताताई, माझ्या मुलानं, केदारनं, हे सगळे भाग वाचलेत. काल फोनवर भांडत होता, म्हणाला खिंड मिटते तो शेवट अर्ध्या लोकांना पटत नाही. मी म्हटलं, कसली मिटते, आमची राणी दिवाळीत कापूस वेचतेय."

मी हात जोडले. "साहेब, आबांनी गोष्ट संपेस्तोवरच यायचं कबूल केलंय."

त्यांनी चष्मा नीट केला. "तरीच," म्हणाले. "तरीच शेवटचा भाग बरा जमलाय."

पुढच्या मंगळवारी तातेरावांची खाट मोकळी होती. चादर ताणून घातलेली, उशी भिंतीला टेकवलेली. सिस्टरनं नुसती मान हलवली. आबांना दिसत नव्हतं, पण त्यांनी तोंड डावीकडं केलं. त्या बाजूचं मशीन वाजत नव्हतं.

"गेले?"

"हो, आबा."

मी पुस्तक उघडलं. राणी कुठं होती ते मला आठवेना. लोहार, नाल, कापूस, सगळं पाण्यात विरघळल्यासारखं झालं. मी नुसतीच ओळींकडं बघत होते. उजवीकडून जगन्नाथराव म्हणाले, "नदीचं वाचा."

"ते तिसऱ्या भागात झालं, साहेब."

"मग काय झालं? परत येऊ द्या नदी. घाई कुणाला आहे?" त्यांनी चष्मा काढला आणि तोंड भिंतीकडं केलं.

ती अकरा पानं मला जवळजवळ पाठ होती. मी नदी म्हणू लागले. पाण्याचा रंग, काठचं शेवाळ. तळाच्या गोट्यांपाशी आले तेव्हा माझ्या ध्यानात आलं, आबांचा हुंकारा येत नाही. मी थांबले. पुन्हा म्हणाले, "तळाला गोल गोटे होते." काही नाही. आवाज चढवून म्हणाले, "ओंजळ भरली." काही नाही. मी वाकून त्यांच्या तोंडापाशी कान नेला. श्वास चालू होता. पापण्या उघड्या होत्या.

"आबा, हुंकारा द्या."

"कशाला देऊ?" ते हळूच म्हणाले. "पुस्तक तर उन्हाळ्यातच संपलं."

मी हातातलं पान खाली सोडलं.

"चौदाव्या भागाचे कागद नवे होते. उलटले की कडक वाजायचे. आता किती महिन्यांपासून मऊ वाजून राह्यले. तीच चार पानं उलटीत बसतीस." ते थोडे हसले. "तडा कुठं गेला ते कळतं मला, माय. तेवढंच तर काम केलं."

"मंग बोलला का न्हाईत?"

"तू घोडा मागं वळविलास तवा तुझा आवाज तुझ्या आईसारखा आल्ता. म्हनलं, ऐकावं थोडं. तिला कधी हुंकारा दिला न्हाई मी." ते थांबले. ओठांवरून कोरडी जीभ फिरवली. "पण आता थकलो, अक्षे. तातेराव सुटला. हात दुखतो, पानी मागता येत न्हाई. कबूल केल्तं ते मी केलं. राह्यलंय ते वाच. मंग माझं मत लिही, आन् मला सोड."

उजवीकडं जगन्नाथराव आमच्याकडं पाठ करून निजले होते, पण त्यांचे खांदे जागे होते.

मी शेवटची तीन पानं काढली. ती खरंच कडक वाजली. त्यांना वैशाखापासून मी हात लावला नव्हता. वाचायला तोंड उघडलं. पहिली ओळ होती, राणीनं एकदाही मागं वळून पाहिलं नाही. माझ्या तोंडातून ती ओळ निघेना. आबा वाट बघत होते. दोन वर्षं मी राणीला बोलायला लावलं होतं, लोहाराला, लोहाराच्या बायकोला, नदीला. मी स्वतः एक शब्द बोलले नव्हते. पुस्तकं आणली त्या चौथ्या दिवशी घशात राहिलेलं तसंच तिथं होतं.

मी पुस्तक मिटलं आणि खाली फरशीवर ठेवलं. आबांच्या सुई नसलेल्या हाताचं बोट माझ्या मुठीत घेतलं.

"आबा, मी गोष्टीसाठी चला म्हनाले ते खोटं होतं. मला मागायची लाज वाटली. तुमचा हात दुखतो ते मला दिसतंय, तरी मागून राह्यले. गोष्टीसाठी नका येऊ. माझ्यासाठी या. मला घरात एकटीला लई भ्या वाटतं."