बिरप्पाचं नाक

"हिच्या अंगाचा कुजका वास येतोय," बिरप्पा म्हणाला. "तपासा."

एवढं बोलून तो बायकोपासून चार हात लांब, दवाखान्याच्या दारात जाऊन उभा राहिला. मला त्याच्या पहिल्याच वाक्याला राग आला, हे आधीच सांगून टाकते. चौतीस सालची गोष्ट. सोलापुरात मंगळवार पेठेत डॉक्टर गुरुबसप्पांच्या दवाखान्यात मी नर्स होते. बायकोचं दुखणं नवऱ्याने सांगायचं आणि बायकोने जमिनीकडे बघायचं, हे मी रोज पाहत होते. पण बायकोच्या वाऱ्यालाही उभा न राहणारा नवरा पहिल्यांदाच पाहिला.

दोघं सांगोल्याकडचे धनगर. लहान गाडीने कुर्डुवाडी आणि तिथून मोठ्या गाडीने सोलापूर, असा दीड दिवस प्रवास करून आली होती. बाईचं नाव मायाक्का, वय असेल बावीस-तेवीस. मी तिला पडद्याआड घेतलं आणि पदर बाजूला केला, तर दंड, मान, पोट, सगळीकडे कातडं सोललेलं. रोज लिंबाच्या पाल्याचं पाणी आणि विटकरीचा तुकडा घेऊन ती अंग घासत होती.

"कधीपासून येतो वास?" मी विचारलं.

"दिवाळीला पोर गेलं, त्येच्या म्होरं." सातव्या महिन्यातच झालं होतं, मेलेलंच. "आत कायतरी ऱ्हायलंय म्हणत्यात. कुजतंय."

"तुला येतो?"

"न्हाय."

"सासूला? जावांना?"

"आदी न्हाय म्हणायच्या. ह्येंनी सांगितल्यावर त्यास्नी बी यायला लागला."

"आणि तुझा विश्वास बसला?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही येडी मीच. मग तिने मला समजावून सांगितलं. तिचा धनी साधासुधा माणूस नव्हता. कोकरांचा घोळका एकात एक मिसळला, की तो एकेकाला हुंगून कुठलं कोणत्या मेंढीचं ते सांगायचा. एखाद्या मेंढीचं कोकरू दगावलं, तर त्याचं कातडं काढून दुसऱ्या पोरक्या कोकराच्या पाठीवर बांधतात. वासाला भुलून मेंढी त्याला पाजते. कोणती मेंढी भुलेल आणि कोणती लाथ मारेल, हेही तो आधीच सांगायचा. चार गावांचे मेंढके त्याला बोलावून न्यायचे.

"त्येंचं नाक खोटं कसं ठरंल, बाई?" ती म्हणाली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "भावकीत ठरलंय. डाक्टरनं काढलं तर बरं, न्हाय तर हितनं मला म्हायेरी सोडणार. दुसरी बघून ठिवलीय."

डॉक्टरांनी तिला तासभर तपासलं. तिच्यात काही म्हणजे काही दोष नव्हता. मी तर मुद्दाम तिच्या मानेशी नाक नेऊन पाहिलं. लिंबाचा पाला, चुलीचा धूर आणि लोकर. यापलीकडे वास नव्हता, आणि तसं मी दारापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगितलं.

"तुमास्नी न्हाय येणार," बिरप्पा म्हणाला. "गटारीशेजारी ऱ्हाऊन नाकं मेल्यात तुमची."

मी उत्तर देणारच होते, पण डॉक्टरांनी डोळ्यांनीच मला गप्प केलं. भांडायला त्यांना आवडत नसे. ते काम माझ्याकडे होतं.

"आत्ता येतोय वास?" त्यांनी विचारलं.

"येतोय की."

"ती पडद्याआड, तुम्ही दारात, आणि मध्ये फिनेलची बादली. तरी?"

"तरी."

"भाकरीला येतो?"

"हिच्या हातच्या समद्यालाच येतो. दुधाला बी."

"आणि तुमच्या आईने केलेल्या भाकरीला?"

बिरप्पाने पटक्याचं टोक घेऊन नाक पुसलं. डावीच नाकपुडी. पटक्याच्या त्या टोकावर पिवळे डाग वाळून कडक झाले होते. ते मलाही दिसले आणि डॉक्टरांनाही.

"त्या भाकरीला बी येतो," तो शेवटी पुटपुटला.

डॉक्टरांनी त्याला स्टुलावर बसवलं आणि डाव्या डोळ्याखाली अंगठ्याने दाबलं. चार गावांत नाक मिरवणारा तो माणूस स्टूल धरून कळवळला. वरची एक डावी दाढ किडून काळी पडली होती. दसऱ्याला ती ठणकत होती म्हणे. बिब्बा लावल्यावर थांबली, म्हणून तो विसरून गेला होता.

मग डॉक्टरांनी मला खिडक्या लावायला सांगितल्या. खोलीत अंधार झाल्यावर त्यांनी बॅटरीचा छोटा दिवा बिरप्पाच्या तोंडात धरला आणि ओठ मिटायला लावले. उजवा गाल डोळ्याखाली लालसर उजळला, कंदिलाच्या काचेसारखा. डावा तसाच काळा राहिला. डॉक्टरांनी मायाक्काला पुढे बोलावलं.

"गालाच्या हाडात दोन्हीकडे पोकळी असते," ते तिला म्हणाले. नवऱ्याला नाही, तिला. "उजवीकडे हवा आहे म्हणून उजेड दिसतो. डावीकडे पू भरलाय. दाढेची मुळं त्या पोकळीला टेकलेली असतात, तिथून वर चढला. आपल्याच घरात उंदीर मरावा आणि माणसाने शेजारचं घर धुंडाळत बसावं, तसं झालंय. वास यांचा यांनाच येतोय."

दिवा काढल्याबरोबर बिरप्पा म्हणाला, "काडून दावा."

सुई टोचून गाल बधिर केला आणि डॉक्टरांनी दाढ उपटली. त्या भोकातून जे आलं ते मी चिनी मातीच्या भांड्यात धरलं. नऊ वर्षांच्या नोकरीत मी पुष्कळ घाण पाहिली होती, तरी माझं तोंड आपोआप वळलं. बिरप्पाने मात्र तोंड वळवलं नाही. तो भांड्याकडे बघतच राहिला. त्याच्या नाकपुड्या हलल्या. त्याला वास ओळखीचा होता.

"ह्योच," तो बधिर तोंडाने म्हणाला.

मायाक्का आली आणि तिने माझ्या हातातलं भांडं घेतलं. नाकाशी नेऊन हुंगलं. एकदा नाही, तीनदा.

"ह्यो व्हय," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बाई, पोर बी माज्याच कुजण्यानं गेलं म्हणले व्हते."

मला रडू आलं. नर्सने रडायचं नसतं, पण मी रडले. पोराचं जाणं आणि हा वास यांचा काही संबंध नाही, तुझ्यामुळे ते गेलं नाही, हे डॉक्टरांनी तिला दोनदा सांगितलं. तिने मान हलवली. मग ती म्हणाली, दाढ ठेवून द्या. मी एका रिकाम्या बाटलीत टाकून घट्ट बूच लावलं.

पुढे बारा दिवस दोघं धर्मशाळेत राहिली. रोज सकाळी दाढेच्या भोकातून मी मिठाचं कोमट पाणी सोडायची आणि ते नाकातून बाहेर यायचं. पहिले काही दिवस गढूळ, मग पांढुरकं, मग नितळ. दहाव्या दिवशी बिरप्पा म्हणाला, "बाई, तुमच्या डोस्क्याला माक्याचं तेल हाय." मी म्हटलं, "आलं का नाक माहेराहून?" पहिल्यांदाच तो हसला.

शेवटच्या दिवशी मायाक्का गाठोडं बांधत होती. बिरप्पा तिच्या मागे जाऊन उभा राहिला. हातभरही अंतर नव्हतं. डोळे मिटून त्याने श्वास घेतला.

"लोकर," तो म्हणाला. "चूल." आणि डोळे पुसत डॉक्टरांना म्हणाला, "माजं चुकलं, सायेब."

"त्यांना काय सांगतोस? तिला सांग," मी म्हणाले.

त्याने तिला सांगितलं. मायाक्काने माझ्याकडे दाढ मागितली.

"वस्तीवर न्यायची हाय," ती म्हणाली. "माजा वास ह्येंनी समद्या भावकीत सांगितला. आता ही बी समद्यास्नी हुंगवायची. घरोघर. ह्येंनीच."

मी बाटलीचं बूच काढलं आणि दाढ धुवायला पाण्याचा तांब्या उचलला. मायाक्काने माझं मनगट धरलं.

"धुऊ नका, बाई. तशीच द्या."

मी बिरप्पाकडे पाहिलं. तो खाली बघत होता. मग त्याने हात पुढे केला, बाटली घेतली, बूच स्वतः घट्ट केलं आणि बंडीच्या खिशात ठेवली.

"पैली आईच्या म्होरं धरतो," तो म्हणाला, आणि त्याने तिचं गाठोडं उचलून आपल्या डोक्यावर घेतलं.