मुशीची मादी

मोनिकासाठी आलेली दोन स्थळं आमच्या आबांनी नदीवर नापास केली होती. पहिल्या मुलाची चूक एवढीच, की गळ टाकून बसल्यावर तो शिंकला. दुसरा बी.कॉम. होता आणि मासा लागायच्या आधीच त्यानं किती वाजले म्हणून विचारलं.

आबा म्हणजे बबनराव, माझे आणि मोनिकाचे वडील. इनामगावच्या अलीकडं घोड नदीच्या काठाला आमची वस्ती आहे. आबा कांद्याला पाणी देतात आणि उरलेल्या वेळात बांबूची काठी घेऊन काठावर बसतात. माणूस पत्रिकेत दिसत नाही, गळाला बसल्यावर दिसतो, असं त्यांचं मत. आमच्या घरात आबांच्या मतांना विरोधी पक्ष नव्हता.

तिसरं स्थळ रोहिदास. यवतकडचा, घरची फुलशेती, पण स्वतः सणसवाडीला कंपनीत होता आणि तिथंच खोली करून राहायचा. हे स्थळ खरं तर मोनिकानंच शोधलं होतं, शिरूरला टायपिंगच्या क्लासला जाता-येता, एसटीत. ही गोष्ट आईला ठाऊक होती, मला ठाऊक होती आणि कंडक्टरला ठाऊक होती. आबांना मात्र ती रीतसर मध्यस्थाकडून कळवण्यात आली.

"मासं धरता येत्यात का?" आबांनी विचारलं.

"व्हय की," रोहिदास म्हणाला. त्यानं जन्मात झेंडूशिवाय काही धरलं नव्हतं.

"मग रविवारी या. दिवस मावळंस्तवर एक धरून दावा. न्हाई जमलं तर पोहे खाऊन जावा."

रविवारी रोहिदास एम-एटी गाडीवर आला, मागं दुधाचा मोठा कॅन बांधून. मी त्याला आमच्या उसात गाठलं. कॅनमधून त्यानं हातभर लांबीचा राखाडी मासा उपसला.

"जयसिंगराव, कुनाला बोलू नका," तो मला म्हणाला. "पुन्याच्या मार्केटातनं आनलाय. बाईला म्हनलं, मोठा दे आन् काटं नकोत. आबांचं वय झालंय, घशात अडकाय नको."

हेतू इतका चांगला होता की मी त्याला अडवलं नाही. पुढं काय होतंय ते बघायला बरी जागा शोधली.

आबा चहाला घराकडं गेले तेवढ्यात रोहिदासनं माशाच्या गालात गळ खुपसला आणि मासा पाण्यात भिरकावला. इथपर्यंत ठीक होतं. पण दोरी पाण्याखालच्या करंजाच्या मुळीत अडकली. रोहिदास ओढतोय, काठी अर्ध्यात वाकलीय, आणि आबा चहा पिऊन परत.

"सोडू नका," आबा म्हणाले आणि धोतर खोचून त्याच्या कमरेला धरून उभे राहिले. दोघांनी मिळून करंजाची मुळी बराच वेळ दमवली. शेवटी मुळी तुटली, दोघं उताणे पडले आणि मासा त्यांच्या अंगावरून काठावर आला. आबा उठले, वाकून गळ काढला, माशाकडं बघितलं, मग रोहिदासकडं बघितलं. तोवर आख्खी वस्ती जमली होती.

"ह्यो हलत का न्हाई?" कुणीतरी विचारलं.

"दमून मेला," आबा म्हणाले.

मग ओळख पटवायचं काम सुरू झालं. मरळ म्हणावी तर अंगावर खवलं नाहीत. वाम म्हणावी तर शेपटी वेगळीच, वरची पात लांब आणि खालची आखूड. तोंड पुढं असायच्या ऐवजी खाली, पोटाच्या बाजूला. शेजारच्या कस्तुराबाईंनी शेपटीकडून डोक्याकडं हात फिरवला आणि झटकन मागं घेतला.

"पॉलिश पेपर हाय ह्यो," त्या म्हणाल्या.

शेवटी भिमाला बोलावलं. भिमा पूर्वी कांद्याचा ट्रक घेऊन रत्नागिरीला जायचा, त्यामुळं वस्तीत समुद्र हे खातं त्याच्याकडं होतं. त्यानं माशाचा गळा बोटानं चाचपला.

"दुसऱ्या माशाला कल्ल्यावर झाकन असतंय. हितं झाकन न्हाई, नुसत्या चिरा हायत. पाच. ही मुशी. शार्कच्या भावकीतली. ही समुद्रात असती."

रोहिदासचा चेहरा चुन्यासारखा झाला. समुद्रातला मासा घोड नदीत कुठून आला, एवढंच आता कुणीतरी विचारायचं, की मोनिकाचं लग्न बी.कॉम.शी.

पण ते कुणीच विचारलं नाही. मासा आबांनी स्वतः ओढून काढला होता, आबा खोटं बोलत नाहीत, म्हणजे चूक नदीचीच असणार.

"घोड भीमेला मिळती, भीमा कृष्णेला, कृष्णा समुद्राला," कस्तुराबाई म्हणाल्या. "वाट हाय की."

"मधी धरनं हायत," मी म्हणालो.

"पावसाळ्यात दारं उघडत्यात," भिमा म्हणाला.

"पन कृष्णा तिकडच्या समुद्राला मिळती. रत्नागिरी हिकडं हाय."

"मग वळसा मारून आली."

भिमानं मासा उताणा केला. पोटाखालच्या परांना बोटाएवढ्या दोन कांड्या होत्या. बायका होत्या म्हणून त्यानं आवाज खाली घेतला.

"नर हाय."

"म्हंजी बायको नदीतच हाय," कस्तुराबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून घाटावर शुकशुकाट. बायका धुणं घेऊन लांबच्या विहिरीवर जाऊ लागल्या. मेंढरं हापशावर पाणी पिऊ लागली. पोहायला जाणारी पोरं नाइलाजानं शाळेत गेली आणि शाळेत बाकं कमी पडली. आबांचा मात्र आधी ग्रामपंचायतीनं, मग दूध डेअरीनं आणि मग तरुण मंडळानं शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. दर सत्कारात मुशीची झुंज थोडी थोडी लांबत गेली. तिसऱ्या भाषणात मुशीनं आबांना एकदा पाण्यात ओढून नेलं होतं. रोहिदासच्या गळ्यात घातलेला झेंडूचा हार त्याच्याच रानातल्या फुलांचा होता, हे त्यानं मला नंतर सांगितलं.

तिसऱ्या सत्काराला कस्तुराबाई उठून उभ्या राहिल्या. "शाली झाल्या. आता आमी धुनं कुठं धुवायचं ते सांगा."

आबांनी खांद्यावरची शाल नीट केली. "नर पाव्हन्यानं धरलाय. मादी पन त्योच धरंल. तवर सोयरीक थांबली."

त्यांनी हे इतक्या शांतपणे सांगितलं की मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

रोहिदास पुन्हा पुण्याच्या मार्केटात गेला. मासेवाल्या बाईनं त्याला विचारलं, "मादीच का? पाहुण्यांना दाखवायचीय?" यानं प्रामाणिकपणे व्हय म्हणून सांगितलं. तरी बाईनं नरच दिला. उसात उताणा करून मीच तपासला. या विषयात एव्हाना माझा हात बसला होता. तो नर आम्ही दोघांनी भाजून खाल्ला. काटे खरंच नव्हते.

पुढच्या रविवारची सकाळ. रोहिदास तिसऱ्यांदा मार्केटात गेला होता, तो अजून यायचा होता. मोनिका धुण्याची बादली घेऊन घराबाहेर पडली आणि विहिरीकडं न जाता सरळ घाटावर गेली. मागोमाग आई, कस्तुराबाई, भिमा, निम्मी वस्ती. आबा आणि मी काठावरच बसलो होतो.

"मोने, माघारी फिर," आई म्हणाली. "मादी हाय पान्यात."

"तिला लगीन करायचं न्हाई, मला करायचंय," मोनिका म्हणाली. "तिचं काय असंल ते तिनं येऊन माझ्याशी बोलावं." आणि गुडघाभर पाण्यात जाऊन तिनं आबांचं धोतर आपटायला घेतलं.

आईनं आबांकडं बघितलं. "पोरगी मुशीच्या तोंडात उभी ऱ्हायली, आन् तुमी तंबाखू मळताय?"

आबांनी तंबाखू मळणं थांबवलं नाही. मी त्यांच्याजवळ सरकलो.

"आबा, तुमाला ठाव हाय व्हय?"

"मासा गळ गिळतो तवा टोक आतनं भाईर येतं," आबा पुटपुटले. "त्या मुशीला भाईरनं आत गेलं हुतं. गालावर गळ ठेवून कुनी मासा जेवतो व्हय?"

"मग बोलला का न्हाई?"

"बोलनारच हुतो. तेवढ्यात ग्रामपंचायत आली."

एवढ्यात एम-एटीचा आवाज आला. रोहिदास कॅन घेऊन उसातून बाहेर पडला. काठावर गर्दी, पाण्यात मोनिका. या माणसानं मुशी स्वतः विकत आणली होती. नदीत मुशी नाही हे साऱ्या शिरूर तालुक्यात त्याच्याइतकं पक्कं कुणालाच ठाऊक नव्हतं. पण एवढे दिवस तो लोकांना मादीबद्दल इतकं सांगत आला होता, की त्याला स्वतःलाही ते पटलं असावं.

"मोनिका, भाईर निघ, मादी हाय," असं ओरडत त्यानं कॅन फेकला आणि कपड्या-बुटांसकट पाण्यात उडी घेतली. त्याला पोहता येत नव्हतं. पाण्यात पडल्या पडल्या त्यानं डोळे मिटले आणि चारी बाजूंना लाथा झाडायला सुरुवात केली. एक लाथ बादलीला बसली.

कॅन उतारावरून गडगडत भिमाच्या पायाशी आला आणि त्यातून मुशी बाहेर पडली. भिमानं सवयीनं ती उताणी केली.

"मादी हाय," तो म्हणाला. मग त्यानं कॅनकडं बघितलं. "पन ही कॅनमधी कशी?"

सगळ्यांनी आधी कॅनकडं, मग पाण्यात लाथा झाडणाऱ्या रोहिदासकडं बघितलं. आबांनी तंबाखू तोंडात टाकली आणि उठून उभे राहिले.

"पहाटं म्याच धरली," ते म्हणाले. "जावयाकडं ठेवाय दिली हुती."

"कुनाकडं?" कस्तुराबाईंनी विचारलं.

"जावयाकडं," आबा मोठ्यानं म्हणाले, म्हणजे लांबच्या लोकांनाही ऐकू जावं.

आई शिऱ्याला रवा आहे का बघायला घराकडं निघाली. बायकांनी साड्या खोचल्या आणि आपापल्या बादल्या आणायला गेल्या. मोनिका रोहिदासची कॉलर धरून त्याला काठाकडं ओढत होती आणि तो डोळे मिटून अजून लाथा झाडत होता.

"दाजी, उभं ऱ्हावा," मी म्हणालो. "पानी गुडघ्याएवढं हाय."