तिसगावच्या कानिफनाथचा दाखला

“यात डोळ्यांच्या तपासणीचा दाखला नाही,” रुपाली मॅडम म्हणाल्या, आणि रामहरीच्या पोटात गुदगुल्या झाल्या.

ज्या कंपनीचं दूध आबासाहेबांच्या टँकरमधून जायचं, त्या कंपनीतर्फे मॅडम वर्षातून एकदा यायच्या. चालकांच्या कुठल्याही पाच फायली काढायला लावायच्या आणि लायसन, पोलिसांचा दाखला, डॉक्टरांचा दाखला असा एकेक कागद बोटाखालून घालायच्या. सव्वीस वर्षं त्या फायली रामहरीनं दाखवल्या होत्या. यंदा आबासाहेब म्हणाले, “निकिता दाखवील. तुम्ही चहाचं बघा.” रामहरीनं चहाचं बघितलं. चहा झकास झाला. मॅडमनी त्याबद्दलही निकिताचेच आभार मानले.

निकिता सावेडीहून स्कूटीवर यायची. नोकरीला लागून आठ महिने झाले होते. रामहरीचे पारनेर, तिसगाव असे गाववार बांधलेले गठ्ठे तिनं सोडले, चालकांना नंबर दिले, कागदांचे फोटो कॉम्प्युटरमध्ये घातले. आता लायसन संपायच्या महिनाभर आधी चालकाच्या मोबाईलवर आपोआप निरोप जायचा. पूर्वी हाच निरोप द्यायला रामहरी गेटवर उभा राहायचा आणि “संपत आलं लेका तुझं,” असं अभद्र बोलून चालकाला घाबरवायचा. त्या घाबरण्यात माया होती. यंदाचा हुरडा चालकांनी थेट ताईंच्या टेबलावर ठेवला. रामहरीनं त्यातला मूठभर खाल्ला. गोड निघाला, म्हणून जास्तच झोंबला.

तेव्हा काल संध्याकाळी, निकिता गेल्यावर, त्यानं तिसगावच्या कानिफनाथच्या फायलीतून दाखला काढला, त्याची चौघडी केली आणि बंडीच्या खिशात घातली. मॅडमची नजर आधी तिच्यावर जावी म्हणून फाईल रॅकमध्ये दोन बोटं पुढं सरकवून ठेवली. आबासाहेबांकडं कानिफनाथ नावाचे सात चालक होते. नंबरांच्या नादात पोरीनं एकाचा कागद दुसऱ्याला लावला, असंच कुणालाही वाटलं असतं. बेत चांगला होता.

निकितानं पडद्यावर फोटो दाखवला.

“फोटो चालत नाही,” मॅडम म्हणाल्या. “मूळ कागद मिळेपर्यंत हा चालक गाडीवर नको.”

हे रामहरीच्या बेतात नव्हतं. नियम मात्र पाठ होता. सव्वीस वर्षं त्यानंच तो इतरांना ऐकवला होता.

“चूक माझी आहे मॅडम,” निकिता म्हणाली. “फायली माझ्या ताब्यात आहेत.”

रामहरीला वाटलं, घ्या, हेही हिनंच नेलं. निदान चूक तरी आपली होती.

भरल्या टँकरवरून उतरवलेला कानिफनाथ तरातरा आत आला. निकिताला ओलांडून सरळ रामहरीपुढं उभा राहिला.

“भाऊसाहेब, तुमीच बघा. तुमच्या हातून कागूद कदी हारवला न्हाई. आज दुसरा गेला गाडीवर, तर उद्या गाडी त्याचीच व्हती. मग मला दुसरी मिळंस्तवर बसून ऱ्हावं लागंल.”

“शोधा रामहरी,” आबासाहेब म्हणाले. “सापडला तर फायली पुन्हा तुमच्याकडं. नंबरबिंबर राहू द्या.”

रामहरी आतल्या खोलीत गेला. कपाटामागं वाकला. शोधायला जेवढा वेळ लागावा तेवढा वेळ वाकूनच राहिला. मग कंबर धरून बाहेर आला आणि कागद टेबलावर ठेवला.

निकितानं तो उचलला. तिच्या फायलींमधल्या कुठल्याच कागदाला घडी नसायची. याला उभी-आडवी अशा दोन होत्या, आणि कागद अंगाच्या उबेनं कोमट होता. तिनं तळहातानं घड्या दाबल्या. त्या गेल्या नाहीत.

“कुठं सापडला याची नोंद करा,” मॅडम म्हणाल्या. “नाव आणि ठिकाण.”

रामहरीला न विचारताच निकितानं टाईप केलं: कपाटामागे.

पडद्यावरची ती अक्षरं रामहरीनं वाचली. म्हणजे चूक पदरात घ्यायलाही हिलाच आधी जमलं. तो घरी खोटं बोलला होता, बाजारात बोलला होता, सोसायटीच्या निवडणुकीत तर दोन्ही पॅनेलशी बोलला होता. रेकॉर्डात कधी नाही.

“खोडा ते.”

“असू द्या काका.”

“खोडा म्हनतो ना. रामहरीच्या खिशात, असं लिव्हा. काल त्यानंच काढला. कुनी सांगितलं न्हवतं.”

आबासाहेबांनी पंख्याकडं बघितलं. मॅडमनी पेनाला टोपण लावलं. निकिता सावकाश टाईप करत राहिली. रामहरी चष्मा कपाळावरून नाकावर घेऊन तिच्या खांद्यावरून वाचत होता.

“वेळ ऱ्हायली,” तो म्हणाला. “सहा वाजून धा मिन्टं.”

तिनं वेळ घातली.

“उद्यापासून टायरच्या गोदामात बसा,” आबासाहेब पंख्यालाच म्हणाले.

“बरं.”

कानिफनाथ दारातच उभा होता. सगळं त्याच्या कानावर गेलं होतं. आबासाहेबांनी हातानंच त्याला निघायची खूण केली.

“दमानं जा रं,” रामहरी म्हणाला.

“सावकाश जा हं,” निकिता त्याच वेळी म्हणाली.

कानिफनाथनं दोघांकडं पाहिलं. मग निकिताकडं बघून मान हलवली आणि टँकरकडं गेला.