पवनचक्कीवरच्या मुलाची चौकशी

स्थळाची चौकशी कधी सांगून करू नये. सांगून गेलात तर अट्टल दारुडासुद्धा कपाळाला गंध लावून बसतो. म्हणून बोरीहून निघताना बायकोला, पार्वतीला, म्हणालो की गुडघा दाखवायला संभाजीनगरला जातोय, आणि तीन गाड्या बदलून थेट कच्छच्या समुद्राकाठी येऊन पडलो. मुलगा मानवतचा, नाव हरिओम. बायोडाट्यात लिहिलं होतं, ‘पवनचक्की कंपनीत नोकरी’. आमच्या मंजुषासाठी आलेलं हे सातवं स्थळ. आधीची सहा मीच मोडली आणि त्याचं मला काडीचं वाईट वाटत नाही. लेक एकुलती एक आहे, वाटेवर पडलेली नाही.

बसमधून उतरलो आणि आ वासून उभाच राहिलो. छप्पन वर्षांच्या आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता, तो समोर. पण समुद्राकडं बघतो कोण? किनाऱ्याच्या कडेनं नजर जाईल तिथवर पांढऱ्या पवनचक्क्या. मोजायला लागलो, पन्नासाच्या पुढं नाद सोडला. आमच्या जिंतूरच्या बसस्टँडात अख्खं मावणार नाही एवढं एकेक पातं, आणि ते वरून खाली यायचं तेव्हा असा घुमारा की छातीत धस्स व्हायचं. एक पातं अंगावरच आलं असं वाटून मी मटकन खाली बसलो. बोरीतल्या कुणी पाहिलं नाही हे नशीब. टोपी हातात धरून, वाऱ्याला शिव्या घालत मी खाणावळ गाठली.

खाणावळ चांगुणाबाईची. ही जिंतूरकडचीच बाई. नवरा इथं पहारेकरी आणि ती कामगार पोरांना जेवू घालते. माणसाची खरी पारख खाणावळवालीला असते, सरपंचाला नाही, हे माझं जुनं मत आहे. मी बाकावर बसलो, तिनं पाणी दिलं. तेवढ्यात माझं लक्ष वर गेलं. एक पवनचक्की बंद होती आणि तिच्या थेट माथ्यावर लाल कपड्यातला एक माणूस उभा होता. तिथून तो बोटाएवढा दिसत होता.

“त्यो वर काय करायलाय?” मी ओरडलोच.

“काम करायलाय. हरिओम हाय त्यो.”

“हरिओम? मानवतचा?”

“व्हय. त्याचं रोजचंच हाय ते.”

मी पाण्याचा गिलास खाली आदळला. कुठला हा उद्योग! आज वर गेला आणि उद्या पाय निसटला म्हणजे? असल्या माणसाच्या हाती लेक द्यायची तर विहिरीत ढकललेली काय वाईट? सातवं स्थळही तिथंच मोडलं. “मी बोरीचा बन्सीधर,” मी बाईला सांगितलं. “पोरीचा बाप. चौकशीला आलतो, झाली चौकशी. माझ्या पोरीला असलं चालायचं न्हाई.”

चांगुणाबाई माझ्या तोंडाकडं बघतच राहिली. “मंजुषाचे वडील का तुमी? तिला तर चालतंय की. ती येऊन गेली.”

“कोण येऊन गेली?”

“मंजुषा. मागल्या पंधरवड्यात. एकटीच आलती. दोन दिस माझ्याकडंच राहिली.”

मला काही सुधरेना. मागच्या पंधरवड्यात मंजुषा मैत्रिणीच्या लग्नाला नांदेडला गेली होती. मीच तिला स्टेशनवर सोडलं होतं. माझी लेक, जी माझ्यासमोर मान वर करत नाही, ती दोन रात्री प्रवास करून एकटी इथं? कानशिलं तापली.

“कुणाला इचारून आली ती?”

“तुमी कुणाला इचारून आलाव, भाऊ?” बाई शांतपणे म्हणाली आणि ताट वाढायला लागली.

मी ताट पुढं ओढलं. मग विचारलं, “काय काय चौकशी केली तिनं?”

“कायीच न्हाई. पगार न्हाई, दारू न्हाई, वर चढायचंबी न्हाई. मीच म्हणलं, बाई, आलीस एवढ्या लांब तर इचार की कायतरी. तर म्हणली, मावशी, एकच सांगा. भाजीत मीठ कमी पडलं की ह्ये ताट फेकतेत का?”

भाकरीकडं गेलेला माझा हात तिथंच थांबला.

“मला हसूच आलं,” ती सांगत होती. “म्हणलं, येड्ये, असलं कोण करतंय? उठतंय आन् मीठ घेतंय. तर रडायलाच लागली पोरगी. म्हणली, आमच्याकडं पहिला घास गिळूस्तर आई भिंतीला टेकून हुबी राहती, आन् मी दाराआड.”

कोण गिळेपर्यंत, हे तिनं सांगितलं नाही. मंजुषानं तिला सांगितलं नसावं. तेवढी माझी अब्रू राखली होती लेकीनं.

पार्वतीच्या भुवईवर एक खूण आहे. उंबऱ्याला ठेच लागून पडले, असं ती सगळ्यांना सांगते. मंजुषा तेव्हा दुसरीत होती. लहान लेकरू, विसरून गेलं असेल, असं मी धरून चाललो होतो. एवढी वर्षं मी स्वतःला तापट म्हणवून घेतलं, आणि तेही ऐटीत. मला माझीच शिसारी आली.

“पोरीनं जाताना काय सांगितलं?” मी विचारलं.

“म्हणली, माझ्याकडून हो हाय मावशी, पण बाबा मोडतेल.”

मी बाहेर येऊन पार्वतीला फोन लावला. वाऱ्यात नीट ऐकू येईना, म्हणून भिंतीच्या आडोशाला उभा राहिलो.

“मानवतचा पोरगा चांगला हाय,” मी म्हणालो. “मंजुषाला सांग, माझा होकार हाय.”

एवढ्या मऊ आवाजात मी तिच्याशी कधी बोललो नव्हतो. पार्वतीनं हळूच विचारलं, “माझं काय चुकलं का?”