काचेच्या आतलं दव

ओकबुनच्या अंगणात कॅमेरा लागला आणि तिच्या मुलाचा फोन यायचा बंद झाला.

भांडण नव्हतं की अबोला नव्हता. उलट इन्सॉप ऐन उन्हाळ्यात स्वतः गाडी हाकत सोलहून आला, घामाघूम होऊन वळचणीखाली पांढरा, मुठीएवढा कॅमेरा ठोकला आणि हात झटकत म्हणाला, "आता रोज बघतो तुला. सकाळी रांजणांची झाकणं उघडायला बाहेर आलीस की मला कळलं, आई बरी आहे. तूही निवांत, मीही निवांत." त्याआधी तो दर रविवारी फोन करायचा. जेवलीस का, गुडघा काय म्हणतो, गोळ्या संपल्या का, एवढंच. पण आवाज तरी कानावर पडायचा. आता गुडघा त्याला सोलमध्ये बसून दिसत होता, मग विचारायचं कशाला?

सुरुवातीला ओकबुनलाही त्याची हौस वाटली. त्वेनजांगच्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या रांजणांची झाकणं उघडून झाली की ती कॅमेऱ्याखाली उभी राहायची, बंडी सारखी करायची आणि हात हलवायची. त्यातून आवाज जात नाही हे ठाऊक असूनही "आज मुळे उपटले रे," असं मोठ्याने सांगायची. शेजारणीचं माहेर यंगवलचं, म्हणून अख्खं गाव तिला यंगवलवालीच म्हणे. ती कुंपणावरून ओरडायची, "कुणाशी बोलतेस गं? पोराशी की वळचणीच्या चिमण्यांशी?"

"पोराशी."

"मग उत्तर काय देतो?"

ओकबुन रांजण पुसायला वळायची. चिमण्या तरी चिवचिवायच्या.

मग थंडी आली आणि मेजू करायचे दिवस आले. सोयाबीन दिवसभर शिजवायचं, कांडायचं, त्याच्या विटा थापून टांगायच्या. पुढच्या सगळ्या वर्षाची चव त्यावर. ओकबुनचं चुलाण अंगणात, नेमकं वळचणीखाली. ज्या चुलाणावर शिजलेलं खाऊन इन्सॉप लहानाचा मोठा झाला, त्याच्याच डोक्यावर त्याने कॅमेरा ठोकला होता. उन्हाळ्यात चुलाण थंड असतं, आणि शहरात राहून माणसाला हिवाळ्यातलं घर आठवेनासं होतं. तिने लोखंडी हंडा चढवला, दिवसभर जाळ घातला आणि वाफेचे लोट वर गेले. रात्री कडाक्याचं हीव पडलं. सकाळी फोन वाजला.

"आई! बरी आहेस ना?"

"मला काय धाड भरलीये?"

"कॅमेऱ्यात काहीच दिसत नाही. सगळं पांढरं. धुकं पडलंय का?"

"लख्ख ऊन आहे."

"मग काच पूस बघू. स्टुलावर चढू नकोस हं."

पडवीत उभं राहिलं की तिचा हात पोचत होता. तिने फडक्याने काच पुसली, करपलेलं भांडं घासावं तशी घासली. काही फरक पडेना. "आतून दव धरलंय," ती म्हणाली. "माझ्या डोळ्यात मोतीबिंदू होता ना, अगदी तसं दिसतंय."

तो हसला. किती महिन्यांनी हसला! मग त्याने तिला केस वाळवायचं यंत्र आणायला लावलं. लांबून धर, एकदम तापवू नकोस, काच तडकेल. ती मान वाकडी करून कॅमेऱ्याला वारा घालत राहिली, आणि तो पलीकडून "गेलं का? गेलं का?" विचारत राहिला. मध्येच म्हणाला, "जेवलीस का?" तिने काय काय खाल्लं ते सगळं सांगितलं, न खाल्लेलंही दोन पदार्थ घुसडले.

दुसऱ्या दिवशी परत दव, परत फोन. या खेपेला त्याने भाजक्या समुद्री शेवाळाच्या पाकिटात येते ती 'खाऊ नका' लिहिलेली पुडी शोधायला सांगितली. ती ओल शोषून घेते. मागचं झाकण फिरवून पुडी आत सरकवायची आणि फटीला चिकटपट्टी लावायची. ओकबुनला झाकण फिरेना, तिला ते उलटंच फिरवायचं सुचे. "डावीकडे, आई! माझी डावी नाही, तुझी डावी!" त्या खटपटीत तो त्याच्या पोटातल्या जळजळीबद्दल बोलला. कंपनीत पन्नाशी उलटलेल्यांना घरी बसवायचं चाललंय, असंही सहज बोलून गेला आणि लगेच म्हणाला, "असू दे, तू काळजी करू नकोस." ओकबुनने दिवसभर काळजी केली. कित्येक दिवसांत तिला इतकं बरं वाटलं नव्हतं. मुलाची काळजी करण्याजोगं काहीतरी हाताला लागलं होतं.

पुडीने काम चोख केलं. काच निवळली. फोन थांबला.

एक आठवडा गेला, दुसरा चालू झाला. रविवारही कोरडाच गेला. ती कॅमेऱ्याखाली उभी राहून त्या स्वच्छ काचेकडे बघत राहिली आणि तिच्या डोक्यात प्रकाश पडला. मग तिने सरळ झाकण फिरवलं, आता बरोबर डावीकडे, पुडी काढून खिशात टाकली आणि झाकण जरा सैलच बसवलं. यंगवलवालीकडून सोयाबीन उसनं आणून हंडा पुन्हा चढवला.

"आणखी?" यंगवलवालीने डोळे मोठे केले. "कारखाना काढतेस की काय?"

"इन्सॉपला आवडतं."

"तुझी सून तर दुकानातलं डब्यातलं वापरते म्हणत होतीस."

"तुला द्यायचंय की नाही सोयाबीन?"

फोन आला. दुसऱ्या दिवशीही आला. सोयाबीन संपलं तेव्हा ओकबुनने हंड्यात नुसतं पाणी उकळलं. ऐंशीच्या घरातली बाई, दुखऱ्या गुडघ्याने सरपण ओढून आणते आणि हंडाभर पाणी उकळून हवेत सोडून देते. कुणी पाहिलं असतं तर डॉक्टरकडे नेलं असतं. ही लबाडी आहे हे तिला कळत होतं. मुलाला उगाच त्रास, हेही कळत होतं. पण सकाळी "आई, परत पांढरं दिसतंय गं," असा त्याचा वैतागलेला आवाज आला की तिला लाजही वाटायची आणि आनंदही व्हायचा. वैतागलेला का होईना, मुलगा बोलत होता.

मग एका दुपारी गावाखालच्या बाजारातला कॅमेरेवाला न सांगता येऊन उभा राहिला. खांद्यावर शिडी आणि हातात खोका.

"आजी, तुमच्या मुलाने नवीन बसवायला सांगितलाय." त्याने वर बघितलं, खाली बघितलं आणि कपाळावर हात मारला. "चुलाणाच्या डोक्यावर कुणी कॅमेरा लावतं का? कोण हा शहाणा?"

"माझाच."

त्याने जीभ चावली आणि कामाला लागला. नवा कॅमेरा त्याने चुलाणापासून दूर, फाटकाच्या खांबावर बसवला. वायरीला खाली झोळ दिला, म्हणजे पाणी तिच्यावरून आत न शिरता तिथेच ठिबकेल, आणि भोक नीट बुजवलं. "ह्याला आतून ऊब असते. आता कितीही गारठा पडू दे, दव धरणार नाही. आणि तुमच्या मुलाला बघत बसायची कटकटही नाही. तुम्ही बाहेर आलात की त्याच्या फोनवर आपोआप निरोप जातो. नऊपर्यंत नाही आलात तर तसाही निरोप जातो."

"म्हणजे तो मला बघणार नाही?"

"कशाला बघायचं? काही झालं तरच बघायचं, आजी."

आपण चांगली बातमी दिली असं वाटून तो हसला. तिने त्याला गरम चहा दिला आणि फाटकापर्यंत पोचवून आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओकबुन उठली, अंथरूण घडी करून ठेवलं आणि बाहेर गेलीच नाही. रांजणांची झाकणं बंदच राहिली. ती खालून तापवलेल्या उबदार जमिनीवर, मांडीवर फोन घेऊन बसली. नऊ वाजून गेले. तो घाबरला असेल, या विचाराने तिला कसंसंच झालं. एकदा तर ती दाराशी जाऊन परत आली. काय बोलायचं ते तिने ठरवून ठेवलं होतं. काही नाही रे, जरा डोळा लागला होता. मग तो रागावेल, मग पोटाच्या जळजळीचं विचारायचं, मग कंपनीचं.

फोन वाजला नाही. अंगणात रबरी बुटांचा आवाज आला आणि दार सरकलं. गावचा सरपंच ग्वाक धापा टाकत उभा होता.

"वहिनी! आहात ना? जीव घाबरला माझा. इन्सॉपचा फोन आला, म्हणाला पटकन जाऊन बघा."

"तुला केला फोन?"

"हो. मीटिंगमध्ये आहे म्हणे, गडबडीत होता."

"मला का नाही केला?"

ग्वाकने तिच्या मांडीवरचा फोन पाहिला. "तुम्ही उचलला नसता तर, म्हणून असेल."

"वाजवून तर बघायचा होता." ती म्हणाली. "आणखी काय विचारलं त्याने?"

ग्वाकला खोटं बोलता येत नसे. सरपंच झाल्यापासून त्याची तीच अडचण होती. तो बूट जमिनीवर घासत म्हणाला, "विचारत होता की नव्या कॅमेऱ्यातही दव धरलंय का."

ओकबुनने मांडीवरचा फोन उलटा करून जमिनीवर ठेवला. ग्वाकला ते सहन होईना. "चला वहिनी, जरा अंगणात येऊन उभ्या राहा. त्याला निरोप जाईल, मग तोही कामाला लागेल आणि मीही. कोबीच्या गाडीवाला खोळंबलाय माझा."

ती भिंतीला धरून उठली, बंडी घातली आणि अंगणात आली. ग्वाकने बोट दाखवलं तिथे, फाटकाकडे तोंड करून उभी राहिली. कॅमेऱ्याची काच स्वच्छ होती. तिच्या खाली बारीक लाल दिवा लागला आणि विझला. तिने हात हलवला नाही. जरा वेळाने ग्वाकच्या खिशातला फोन टुंग करून वाजला.

"पोचला म्हणतोय," ग्वाक फोन बघत म्हणाला. "आभार मानतोय माझे."

"मग आत जाऊ का आता मी?" ओकबुनने विचारलं.